यादीतले पूर्वज : मेफ्लॉवरचे वंशज आणि एक हस्तलिखित

१८९७ या एकाच वर्षात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याशी निगडित अशा तीन घटना घडल्या. जानेवारीत प्लिमथ या गावी 'जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्स' ही संस्था स्थापन झाली. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या इंग्रज वसाहतकारांच्या वंशजांची ही संस्था. मार्चमध्ये अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी, ज्यांना वाचता येत नाही अशा स्थलांतरितांना देशात प्रवेश नाकारू पाहणारे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले. या विधेयकाचे प्रमुख पुरस्कर्ते हेन्री कॅबट लॉज हे मॅसॅच्युसेट्सचेच सिनेटर होते. आणि मे महिन्यात, विल्यम ब्रॅडफर्ड याने सतराव्या शतकात लिहिलेल्या 'ऑफ प्लिमथ प्लँटेशन' या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित लंडनहून बॉस्टनला परत येऊन राज्याच्या गव्हर्नरच्या स्वाधीन झाले.

पहिली घटना समाजेतिहासाच्या अभ्यासकाने पाहावी, दुसरी राज्यशास्त्राच्या आणि तिसरी साहित्येतिहासाच्या, अशी वाटणी सहसा केली जाते. आम्हाला मात्र या तिन्ही घटना एकत्र वाचाव्यात असे वाटते, कारण तिन्हींच्या मुळाशी कागद आहे. कोण कोणाचा वंशज हे कागद ठरवतो, कोणाला देशात घ्यायचे हे वाचता येण्याच्या कसोटीवर ठरवावे असा आग्रह धरला जातो, आणि एक जुने हस्तलिखित घरी परत येते ते एखाद्या पूर्वजाने यावे तशा सन्मानाने. पूर्वज रक्तातून येतात असे आपण म्हणतो. परंतु 'पूर्वज' म्हणून मान्यता मिळण्यापूर्वी त्यांना कोणाच्या तरी यादीत यावे लागते. ती यादी कोणी लिहिली, तिच्यात कोण आले आणि कोण राहिले, हा या लेखाचा विषय आहे.

१

मेफ्लॉवरची कथा सर्वपरिचित आहे. येथे तिचा सांगाडा पुरेसा आहे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून निघालेला, काही वर्षे हॉलंडमधील लायडन येथे राहिलेला एक छोटा धर्मपंथीय गट, आणि त्याच्यासोबत उपजीविकेच्या व जमिनीच्या आशेने निघालेले इतर लोक, असे १०२ प्रवासी या जहाजात होते. नोव्हेंबर १६२० मध्ये जहाज केप कॉडच्या टोकाशी पोहोचले. तेथे ४१ पुरुषांनी एका करारावर सह्या केल्या. डिसेंबरात प्लिमथची वसाहत सुरू झाली आणि पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मे लोक मरण पावले.

या वसाहतीचा दीर्घकाळ गव्हर्नर असलेल्या ब्रॅडफर्डने १६३० च्या सुमारास आपला वृत्तान्त लिहावयास घेतला. साधे, बायबलच्या वळणाचे, संयमी असे त्याचे गद्य अमेरिकी साहित्याच्या आरंभकाळातील श्रेष्ठ गद्यांपैकी एक मानले जाते. पण हस्तलिखिताच्या अखेरीस, १६५० च्या सुमारास, त्याने एक वेगळाच मजकूर जोडला. जहाजातून कोण कोण आले, कोणाबरोबर कोणती बायको, कोणती मुले, कोणते नोकर होते, आणि तीस वर्षांनंतर त्यांचे काय झाले, याची ती यादी आहे. कोण पहिल्या आजारात गेले, कोणाचे लग्न कोणाशी झाले, कोणाला किती मुले-नातवंडे झाली, हे त्यात कुटुंबवार नोंदलेले आहे. त्या वेळी मूळ प्रवाशांपैकी तीसच्या आसपास माणसे जिवंत होती.

मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्था ज्या पायावर उभी आहे, तो पाया म्हणजे ही काही पाने. जहाजाच्या प्रवाशांची कोणतीही अधिकृत नोंदवही उपलब्ध नाही. म्हाताऱ्या ब्रॅडफर्डने स्मरणातून आणि आपुलकीतून ही यादी केली नसती, तर वंशावळींचा आजचा सारा डोलारा उभा करणे फार कठीण झाले असते.

हस्तलिखिताचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. ब्रॅडफर्डच्या घराण्यातून ते बॉस्टनमधील थॉमस प्रिन्स यांच्या ग्रंथसंग्रहात आले आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत नाहीसे झाले. पुढे १८४४ मध्ये बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स यांनी अमेरिकेतील चर्चच्या इतिहासावर लिहिलेल्या पुस्तकात लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयातील एका हस्तलिखिताचे उतारे दिले. ते उतारे ब्रॅडफर्डचे आहेत हे बॉस्टनच्या अभ्यासकांच्या लक्षात येण्यास १८५५ साल उजाडले. १८५६ मध्ये संपूर्ण संहिता प्रथमच छापली गेली. मूळ प्रत परत मिळवण्यासाठी मात्र आणखी चाळीस वर्षे लागली. सिनेटर जॉर्ज फ्रिस्बी होअर यांच्या प्रयत्नांमुळे हे प्रकरण शेवटी लंडनच्या बिशपच्या धर्मन्यायालयापुढे गेले.

त्या न्यायालयाची भूमिका साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावी अशी आहे. हे पुस्तक इंग्लंडमध्ये कसे आले हे कोणालाच निश्चित सांगता येत नव्हते. मग न्यायालयाने त्यातील जन्म-विवाहांच्या नोंदींवर बोट ठेवले. अशी नोंदवही चर्चच्या दप्तरी असणे योग्य, म्हणून तिच्यावर बिशपच्या न्यायालयाचा अधिकार. परंतु अमेरिका स्वतंत्र झाल्यावर या नोंदींचे योग्य ठिकाण लंडन राहिले नाही, म्हणून ती मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरकडे सोपवावी, असा हा युक्तिवाद. एका थोर गद्यकृतीची घरवापसी तिच्या गद्यामुळे झाली नाही; तिच्या शेवटच्या काही पानांतील नोंदींमुळे झाली. कायद्याच्या दृष्टीने तो ग्रंथ एक जन्म-विवाह नोंदवही होता. त्याच वर्षी स्थापन झालेल्या वंशजांच्या संस्थेनेही त्याच्याकडे प्रामुख्याने याच दृष्टीने पाहिले.

२

यादी पूर्वज कसे घडवते आणि कसे मोडते, याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले जॉन हाउलंडचे. हा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याचा नोकर. वादळात तो जहाजावरून समुद्रात पडला आणि लोंबकळणाऱ्या दोराला धरून वाचला, ही घटना ब्रॅडफर्डने आपल्या वृत्तान्तात नोंदवली आहे. हाउलंडला दहा मुले झाली आणि त्याचा वंश प्रचंड वाढला. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश हे अध्यक्ष त्याच वंशातले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या वंशजांची अशी दृढ समजूत होती की हाउलंडची पत्नी ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी. त्याच्या स्मृतिशिळेवरही तसे कोरले गेले होते. ब्रॅडफर्डची यादी सापडली आणि कळले की त्याची पत्नी एलिझाबेथ ही जॉन टिली नावाच्या एका साध्या प्रवाशाची मुलगी. तिचे आईवडील पहिल्याच हिवाळ्यात वारलेले. कार्व्हरला तर वंशच नव्हता. पुढे शिळेवरचा मजकूर बदलावा लागला. दगडात कोरलेली थोरवी कागदाने पुसली, ही घटना वंशावळीच्या शास्त्राला भूषणावह आहे.

दुसरे उदाहरण त्याच कार्व्हरच्या घरातले. यादीत कार्व्हरच्या कुटुंबाखाली नोकरांची नावे आहेत. हाउलंड आहे, रॉजर वाइल्डर आहे, विल्यम लॅथम नावाचा मुलगा आहे. आणि त्यांच्यासोबत एक मोलकरीण आहे. तिचे नाव नाही. पुढे तिच्याविषयी एवढेच येते की तिचे लग्न झाले आणि एक-दोन वर्षांत ती मरण पावली. ज्या माणसाने तीस वर्षांपूर्वी गेलेल्या लहान मुलांची नावे आठवून लिहिली, त्याला हे नाव आठवले नाही. तिच्या नावे कोणतीही संस्था नाही, कोणताही वंश नाही. ब्रॅडफर्डची स्वतःची पत्नी डोरोथी हिच्याबाबतही तो असाच मोजके बोलतो. जहाज केप कॉडला नांगरून असताना ती बुडून मेली, हे आपल्याला इतरांकडून कळते. ब्रॅडफर्डच्या वृत्तान्तात तो प्रसंग नाही आणि यादीत फक्त ती पोहोचल्यावर लवकरच वारल्याची नोंद आहे. या मौनाच्या जागी पुढे १८६९ मध्ये एका मासिकातील कथेने आत्महत्येची कहाणी भरली आणि ती कित्येकांनी इतिहास म्हणून स्वीकारली. जेथे यादी गप्प राहते, तेथे ललित लेखन बोलू लागते.

तिसरे उदाहरण मोअर भावंडांचे. एलन, जॅस्पर, रिचर्ड आणि मेरी ही चार मुले कोणा नातलगाविना मेफ्लॉवरवर होती. ती का आली हे तीनशेहून अधिक वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मिळालेल्या कागदपत्रांवरून उलगडा झाला. श्रॉपशरमधील सॅम्युएल मोअर या जमीनदाराच्या पुत्राला ही मुले आपली नाहीत, पत्नी कॅथरीनला दुसऱ्या पुरुषापासून झाली आहेत, अशी खात्री वाटत होती. आईचा विरोध डावलून त्याने ती मुले नव्या वसाहतीकडे धाडून दिली. चारांपैकी तिघे पहिल्या हिवाळ्यातच गेली. रिचर्ड जगला, नावाडी झाला आणि म्हातारपणी सेलम येथे वारला. म्हातारपणीच परस्त्रीशी संबंधाच्या आरोपावरून तेथील चर्चने त्याला बहिष्कृतही केले होते. आता गंमत अशी की वंशावळीच्या अभ्यासकांनी कॅथरीनची कुळी इंग्लंड व स्कॉटलंडच्या राजांपर्यंत नेऊन पोहोचवली. 'अशुद्ध' रक्ताची म्हणून ज्या मुलाला समुद्रापार फेकले, तोच मुलगा वंशाभिमानाच्या बाजारात सर्वांत उच्च कुळीचा प्रवासी ठरला.

३

ही संस्था १८९० च्या दशकातच का स्थापन झाली, हा प्रश्न टाळता येत नाही. प्लिमथच्या 'पूर्वजां'चे स्मरण त्याआधीही होत होते. १७६९ मध्ये प्लिमथच्या ओल्ड कॉलनी क्लबने 'पूर्वजदिन' साजरा केला. १८२० मध्ये द्विशताब्दीला डॅनिएल वेब्स्टर यांनी तेथे गाजलेले भाषण केले आणि त्यात गुलामांच्या व्यापारावर टीकाही केली. १८५८ मध्ये लाँगफेलो यांनी 'द कोर्टशिप ऑफ माइल्स स्टँडिश' हे कथाकाव्य लिहून जॉन ऑल्डन व प्रिसिला मुलिन्स यांची प्रेमकथा घराघरात नेली. लाँगफेलो स्वतः ऑल्डनचे वंशज होते. परंतु हे स्मरण गावाचे, प्रांताचे, फार तर राष्ट्राचे होते. 'आम्ही त्यांचे वंशज आहोत, याचा पुरावा आमच्याकडे आहे, आणि तो ज्याच्याकडे आहे तोच सभासद' ही कल्पना वेगळी आहे. तिचा बहर नेमका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. 'सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' १८८९ ची, 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' १८९० ची, 'सोसायटी ऑफ कलोनियल वॉर्स' १८९२ ची. मेफ्लॉवरच्या वंशजांची न्यूयॉर्कमधील शाखा १८९४ मध्ये निघाली. तिच्यासह निरनिराळ्या राज्यांतील संस्था १८९७ मध्ये एका छत्राखाली आल्या.

याच काळात एलिस बेटावरचे स्थलांतरितांचे केंद्र सुरू झाले (१८९२). इटली, रशिया, ऑस्ट्रिया-हंगेरी येथून कॅथलिक, ज्यू, ऑर्थोडॉक्स असे लक्षावधी लोक येऊ लागले. १८९४ मध्ये बॉस्टनमध्येच हार्वर्डच्या तीन तरुण पदवीधरांनी 'इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीग' स्थापन केली. वाचता येण्याची परीक्षा ही तिचीच मुख्य मागणी. १८९७ मध्ये नाकारली गेलेली ही अट शेवटी १९१७ मध्ये कायदा झाली. वंशजांच्या संस्थांचा प्रत्येक सभासद स्थलांतरितांचा द्वेष्टा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र नवे लोक दारात उभे असताना 'आधी आलेले' असण्याला एकाएकी किंमत येते, हे सामाजिक सत्य या काळात ठळक दिसते. 'आम्ही स्थलांतरित नाही, आम्ही संस्थापक आहोत' हे वाक्य उच्चारण्यासाठी दुसरा कोणी तरी स्थलांतरित असावा लागतो.

जिथे किंमत आली तिथे बनावट माल येणारच. गुस्ताव्ह आंजू नावाच्या वंशावळकाराने श्रीमंत अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी थोर घराण्यांशी नाते जोडणाऱ्या कितीतरी वंशावळी रचल्या. त्यांत खऱ्या कागदपत्रांबरोबर बेमालूम घुसवलेल्या खोट्या नोंदी असत. या पार्श्वभूमीवर मेफ्लॉवर संस्थेच्या कागदोपत्री काटेकोरपणाचे मोल जाणवते. १९७५ पासून ही संस्था 'मेफ्लॉवर फॅमिलीज थ्रू फाइव्ह जनरेशन्स' ही ग्रंथमाला काढते. रुपेरी वेष्टनामुळे तिला 'सिल्व्हर बुक्स' म्हणतात. प्रत्येक वंशप्रवर्तक प्रवाशाच्या पहिल्या पाच पिढ्या त्यात जन्म, विवाह, मृत्यू, मृत्युपत्रे व जमिनीचे व्यवहार यांच्या आधारे मांडलेल्या आहेत. त्यापुढच्या पिढ्यांचा दुवा अर्जदाराने आपल्या कागदांनिशी जोडावयाचा असतो.

मराठी वाचकाला या ग्रंथांजवळ नेणारा शब्द म्हणजे 'कुलवृत्तान्त'. विसाव्या शतकात आपल्याकडे कितीतरी घराण्यांनी मोठ्या मेहनतीने कुलवृत्तान्त छापले. दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. कुलवृत्तान्त आडनावाच्या मागे चालतो: मूळपुरुष, त्याचे पुत्र, त्यांचे पुत्र. मुली सासरी गेल्या की त्यांची शाखा थांबते. मेफ्लॉवरचा वंश मात्र मुलीकडूनही चालतो. एका पिढीत आई, दुसरीत बाप, तिसरीत पुन्हा आई अशी वाट चालेल, कागद असला म्हणजे झाले. त्यामुळे हा वंश अधिक उदार आहे आणि म्हणूनच अफाट आहे. जगभर मेफ्लॉवरचे साडेतीन कोटी वंशज असावेत, असा अंदाज वारंवार दिला जातो. संस्थेचे सभासद या संख्येचा अत्यल्प अंश आहेत. म्हणजे मेफ्लॉवरच्या प्रवाशाचे रक्त असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. दुर्मीळ आहे तो कागद.

याच हिशोबाची दुसरी बाजू अशी. आपल्यापासून बारा पिढ्या मागे गेले की त्या एका पिढीत ४०९६ पूर्वजांच्या जागा होतात. काही व्यक्ती त्यात पुनःपुन्हा येतील हे खरे, तरी संख्या मोठीच राहते. त्या हजारोंतून सभासद एकाचे नाव छातीवर लावतो. बाकीच्यांत कोण होते? कदाचित आयरिश मजूर, जर्मन शेतकरी, गुलाम, मूळ रहिवासी. वंश शोधणे हे संशोधन आहे; पण त्यातून एक पूर्वज उचलून त्याचा वारस म्हणून उभे राहणे ही निवड आहे.

ही निवड कायद्यालाही कशी वाकवते, याचा दाखला प्लिमथच्या आधी, १६०७ मध्ये वसलेल्या व्हर्जिनियातून मिळतो. तेथील आद्य घराण्यांच्या वंशजांनी १९१२ मध्ये 'ऑर्डर ऑफ फर्स्ट फॅमिलीज ऑफ व्हर्जिनिया' ही संस्था काढली. १९२४ मध्ये व्हर्जिनियाने वंशशुद्धीचा कायदा केला. ज्याच्यात गोऱ्याखेरीज दुसऱ्या रक्ताचा मागमूस नाही तोच गोरा, अशी त्यात व्याख्या होती. अडचण अशी झाली की राज्यातील कित्येक प्रतिष्ठित घराणी पोकाहोंटास या मूळ रहिवासी स्त्रीचे व तिचा इंग्रज पती जॉन रॉल्फ याचे वंशज असल्याचे अभिमानाने सांगत. मग कायद्यातच अपवाद घातला गेला: मूळ रहिवाशांचे रक्त एक-षोडशांश वा त्याहून कमी असेल तर माणूस गोराच. आफ्रिकी पूर्वजाला अशी सवलत नव्हती. मिश्र विवाहांना गुन्हा ठरवणारी या कायद्याची तरतूद १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग खटल्यात रद्द केली. पूर्वज निवडण्याचे स्वातंत्र्य कोणाला आणि कोणाला नाही, हे या एका अपवादातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच होत असेल.

४

आता प्लिमथकडे परत येऊ. पण त्या यादीबाहेरच्या प्लिमथकडे. इंग्रज जेथे उतरले ते पटक्सेट नावाचे वाम्पानोआग लोकांचे गाव होते. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय खलाशांबरोबर आलेल्या साथीने ते ओस पडले होते. शेतीसाठी साफ केलेली जमीन होती, माणसे नव्हती. त्या गावाचा टिस्क्वांटम हा रहिवासी १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेला होता. तेथून तो लंडनला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये परत आला, तेव्हा त्याचे गाव संपलेले होते. नव्या वसाहतकारांना मका पेरायला शिकवणारा आणि त्यांचा दुभाषा झालेला तो हाच. पटक्सेटच्या मेलेल्या माणसांची यादी कोणी केली नाही.

मार्च १६२१ मध्ये वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट याने इंग्रजांशी तह केला. १६२३ मध्ये तो मरणासन्न झाला तेव्हा एडवर्ड विन्स्लो हा मेफ्लॉवरचा प्रवासी त्याच्याकडे गेला आणि शुश्रूषा करून त्याने त्याला वाचवले. विन्स्लोने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यानंतर एकच पिढी उलटली. १६७५-७६ च्या युद्धात मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम, ज्याला इंग्रज 'किंग फिलिप' म्हणत, मारला गेला. त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लावण्यात आले आणि वर्षानुवर्षे तेथेच राहिले. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला गुलाम म्हणून विकण्यात आले. त्या वेळी प्लिमथचा गव्हर्नर होता जोसाया विन्स्लो, एडवर्डचा मुलगा. एका बापाने दुसऱ्या बापाला मरणातून उठवले आणि मुलांच्या पिढीत हे घडले. विन्स्लोचा वंश 'सिल्व्हर बुक्स'च्या पद्धतीने दाखवता येतो. मेटाकॉमचा वंश त्या मुलाच्या विक्रीपाशी कागदावरून नाहीसा होतो.

विन्स्लोच्याच पणतूने १७५४ मध्ये प्लिमथला एक घर बांधले. तो स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा होता आणि शेवटी हॅलिफॅक्सला पळून गेला. पुढे ते घर जॅक्सन कुटुंबाकडे आले आणि १८३५ मध्ये राल्फ वॉल्डो इमर्सन यांचा लिडिया जॅक्सन यांच्याशी विवाह याच घरात झाला. पुढच्याच वर्षी इमर्सन यांनी 'नेचर' हा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आरंभच पूर्वजांत रमलेल्या काळाविषयीच्या तक्रारीने होतो. १९४१ मध्ये ते घर मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने विकत घेतले. एका वास्तूत इतके परस्परविरोधी वारसे नांदावेत आणि दारावर त्यांतील एकाचेच नाव लागावे, हे वंशावळीच्या स्वभावाला धरूनच आहे.

१९७० मध्ये मेफ्लॉवरच्या आगमनाला ३५० वर्षे झाली. त्या निमित्ताने झालेल्या राज्याच्या समारंभात बोलण्यासाठी वाम्पानोआग नेते वामसुट्टा फ्रँक जेम्स यांना बोलावण्यात आले. त्यांचे लिखित भाषण आयोजकांनी आधी वाचले आणि ते बदलण्यास सांगितले. जेम्स यांनी नकार दिला. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'राष्ट्रीय शोकदिन' पाळला. ही प्रथा तेव्हापासून दरवर्षी चालू आहे.

यानंतरची घटना आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. केप कॉडवरील मॅशपी येथील वाम्पानोआगांनी १९७६ मध्ये आपल्या जमिनींसाठी बॉस्टनच्या संघराज्य न्यायालयात दावा लावला. जमिनीचा प्रश्न विचारात घेण्यापूर्वी न्यायालयाने त्यांना सांगितले की तुम्ही 'जमात' आहात हे आधी सिद्ध करा. ज्युरीपुढे १७९० पासून १९७६ पर्यंतच्या सहा तारखा ठेवण्यात आल्या: या प्रत्येक तारखेला मॅशपी जमात अस्तित्वात होती का? १९७८ मध्ये ज्युरीने उत्तर दिले की १८३४ व १८४२ मध्ये होती. १७९०, १८६९, १८७० व १९७६ मध्ये नव्हती. दावा फेटाळला गेला. जेम्स क्लिफर्ड यांनी 'द प्रेडिकामेंट ऑफ कल्चर' (१९८८) या ग्रंथात या खटल्यावर लिहिलेला दीर्घ निबंध सांस्कृतिक अस्मितेच्या चर्चेत वारंवार उल्लेखला जातो. मॅशपी वाम्पानोआगांना संघराज्याची मान्यता मिळाली ती २००७ मध्ये.

येथे दोन पुरावे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. मेफ्लॉवरच्या वंशजाला हजारो पूर्वजांतून एक धागा दाखवता आला की पुरे. मधल्या पिढ्यांनी धर्म बदलला, भाषा बदलली, गाव सोडले, कोणाशीही लग्न केले, तरी त्याच्या वारशाला बाध येत नाही. मॅशपीला मात्र सगळा समाज, सगळ्या तारखांना, अखंड आणि अमिश्र असल्याचे दाखवावयाचे होते. ख्रिस्ती झालात, इंग्रजी बोललात, आफ्रिकी वंशाच्या लोकांशी विवाह केलेत, तर मग जमात कशी, असे प्रश्न त्यांच्यापुढे आले. एकाला बदलण्याची पूर्ण मुभा होती आणि तरी तो वारस राहिला. दुसऱ्याचा प्रत्येक बदल त्याच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा केला गेला. संस्थेचे नियम आणि न्यायालयाचे नियम वेगळे असतात, हे मान्य. परंतु 'सातत्य' या संकल्पनेचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला जातो, हे या तुलनेतून उघड होते.

५

या सगळ्यातून कागदाविषयी संशय तेवढा उरावा, असे आम्हाला वाटत नाही. वाम्पानोआग भाषा बोलणारे लोक एकोणिसाव्या शतकात संपले होते. १९९३ मध्ये मॅशपीच्याच जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती पुन्हा जिवंत करण्याचा प्रकल्प सुरू केला. त्यांचा आधार कोणता? मिशनरी जॉन एलियट याने मूळ रहिवाशांच्या धर्मांतरासाठी त्यांच्याच भाषेत केलेले बायबल, १६६३ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे छापलेले. आणि वाम्पानोआग लोकांनी स्वतः आपल्या भाषेत लिहिलेली खरेदीखते, मृत्युपत्रे, अर्ज. त्या बायबलच्या खिळ्यांची जुळणी करणाऱ्यांत जेम्स प्रिंटर नावाने ओळखला जाणारा निपमक जमातीचा तरुण होता. बेअर्ड यांची मुलगी ही शतकाहून अधिक काळानंतर ती भाषा जन्मभाषा म्हणून शिकलेली पहिली व्यक्ती. ज्यांची भाषा व धर्म बदलण्यासाठी जो कागद छापला गेला, त्याच कागदातून त्यांच्या वंशजांनी आपली भाषा परत काढली. कागद कोणाच्या हेतूने लिहिला गेला हे महत्त्वाचे आहेच. पण तो कोण वाचतो यावरही त्याचा वारसा ठरतो.

ब्रॅडफर्डचे हस्तलिखित आज बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या राज्य ग्रंथालयात आहे. अमेरिकी साहित्याच्या अभ्यासात त्यातील समुद्रप्रवास, पहिला हिवाळा, तह हे भाग वाचले जातात. शेवटची यादी साहित्य नव्हे म्हणून बहुधा बाजूला राहते आणि वंशावळकारांच्या वाट्याला जाते. आमची सूचना एवढीच आहे की ती यादीही वर्गात वाचली जावी. कार्व्हरच्या कुटुंबाखालची नावे मोठ्याने वाचावीत: डिझायर मिंटर, जॉन हाउलंड, रॉजर वाइल्डर, विल्यम लॅथम, जॅस्पर मोअर. आणि त्या मोलकरणीपाशी आल्यावर थोडे थांबावे. आपल्या हाती असलेल्या बखरी, कैफियती, कुलवृत्तान्त वाचतानाही अशा जागा कोठे येतात, हे विद्यार्थ्यांना मग वेगळे सांगावे लागणार नाही.